प्रकाशसंवेदकाची परीक्षा अंधारात

सेंद्रिय प्रकाशसंवेदकांविषयी सामान्य वाचकापर्यंत जे पोचते, त्यात नायक एकच असतो: प्रकाश शोषणारा रेणू. नवा रेणू बनवला, त्याने अवरक्त किरण टिपले, त्याची कार्यक्षमता इतके टक्के झाली. बातमी तिथेच संपते. प्रत्यक्षात हा संवेदक म्हणजे मुख्यतः कार्बनी संयुगांच्या अनेक थरांची एक चवड असते, तीही केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्शाइतकी. त्यातला एकच थर प्रकाश शोषतो. बाकीच्यांना जोडकाम समजून सोडून दिले जाते.

ही समजूत मला चुकीची वाटते आणि घातकही. शोषक रेणू संवेदकाला काय दिसू शकेल हे ठरवतो. त्याला खरोखर किती दिसेल हे त्याच्या दोन बाजूंचे प्रभारवाहक थर ठरवतात. हे थर नीट नसतील तर उत्तमातला उत्तम रेणूसुद्धा गळका संवेदक देतो. ते नीट असतील तर जुना, स्वस्त, सर्वांना माहीत असलेला पॉलिमरही सिलिकॉनच्या पंक्तीला बसतो. हे विधान पायरीपायरीने सिद्ध करता येते आणि त्याचा एक पुरावा फोर्टापासून दादरपर्यंतच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आहे.

१. नजर रेणूवरच का खिळते

मुंबईत ही सवय रुजण्याला इतिहास आहे. गिरणगावाला रंग हवे होते. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायन तंत्रशास्त्राचा विभाग सुरू केला, तेव्हाच्या पहिल्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायनशास्त्र होते. हाच विभाग पुढे माटुंग्याची यूडीसीटी झाला आणि आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. १९३८ पासून जवळपास दोन दशके तिची धुरा सांभाळणारे के. वेंकटरामन रंगद्रव्यांचे जगन्मान्य अभ्यासक होते. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडशः निघू लागला आणि जगभर प्रमाण मानला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. रेणूची रचना बदलली की रंग कसा बदलतो, हे ज्ञान परळ-लालबागच्या गिरण्यांच्या शेजारी पिकले. सेंद्रिय संवेदकातले अनेक शोषक रेणू याच रंगद्रव्यांच्या कुळातले असतात. छपाईच्या शाईत निळा रंग देणारे थॅलोसायनिन हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. तेव्हा आपली नजर आधी रंगाकडे जाते यात नवल नाही.

पण रंगाऱ्याला रंगापलीकडचेही कळत होते. मंजिष्ठेचा लाल सुतावर नुसता बसत नाही. तुरटीने सूत आधी तयार केले तरच तो पक्का होतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात वाहून जातो. तुरटीला स्वतःचा रंग नाही, म्हणून तिचे नाव कोणी घेत नाही. संवेदकातल्या प्रभारवाहक थरांचे स्थान असेच आहे.

२. हे थर करतात काय

सिलिकॉनमध्ये प्रकाशकण शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेली धन जागा, म्हणजे होल, जवळजवळ लगेच सुटे होतात. कार्बनी अर्धवाहकात तसे घडत नाही. तिथे दोघे एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्झायटॉन म्हणतात. ती तोडायला साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि खोलीच्या तापमानाची उष्णता देते जेमतेम ०.०२५. शिवाय ही जोडी सुमारे १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. यावरचा तोडगा १९९५ च्या सुमारास हाती आला. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा अशी दोन द्रव्ये एकत्र कालवायची, म्हणजे जोडी कुठेही जन्मली तरी हाकेच्या अंतरावर सीमा सापडते आणि ती तुटते.

या तोडग्यातूनच पुढचा पेच निघाला. कालवलेल्या थरात दोन्ही द्रव्ये दोन्ही इलेक्ट्रोडना टेकतात. कोणता कण कुठे जायचा हे इलेक्ट्रोडला कळत नाही. इलेक्ट्रॉन चुकीच्या बाजूला पोचून होलला भेटला की प्रकाशातून मिळालेला प्रभार वाया जातो. म्हणून मध्ये थर घालावे लागतात. एका बाजूचा थर इलेक्ट्रॉनला वाट देतो आणि होलला अडवतो, दुसऱ्या बाजूचा याच्या उलट करतो. झिंक ऑक्साइड पहिले काम करते. मॉलिब्डेनम ऑक्साइड किंवा पेडॉट-पीएसएस नावाचे वाहक पॉलिमर दुसऱ्या बाजूला बसते.

वाट देणे हे या थरांचे नावातले काम. संवेदकाच्या बाबतीत अडवणे अधिक मोलाचे, आणि हा मुद्दा हमखास निसटतो. संवेदकाला उलट व्होल्टेज लावून चालवतात, म्हणजे प्रकाशाने सुटे झालेले कण झपाट्याने बाहेर ओढले जातात. पण तेच व्होल्टेज इलेक्ट्रोडमधले कण आतही ढकलू पाहते. प्रकाश नसतानाही प्रवाह वाहू लागतो. हा अंधारप्रवाह. तो रोखायचा तर थराच्या ऊर्जापातळीने इलेक्ट्रोडसमोर उंच बांध घालावा लागतो. खोलीच्या तापमानाला आदर्श स्थितीत हा बांध दर ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने उंचावला की पलीकडे उडी मारणारे कण दहापट घटतात. बांध ०.३ ने उंचावला की गळती लाखपट कमी. रंगद्रव्याची कार्यक्षमता वाढवण्यात असा घातांकी लाभ दडलेला नाही.

३. हिशेब मांडून पाहू

सौरघट आणि प्रकाशसंवेदक यांची चवड दिसायला सारखीच असते, म्हणून दोघांना एकच मोजमाप लावले जाते. इथेच मोठी गफलत होते. सौरघट भर उन्हात काम करतो. चौरस सेंटिमीटरमागे त्यातून वीसेक मिलिअँपिअर प्रवाह निघतो. त्यात एक मायक्रोअँपिअर गळाला तर तो हिशेबातही धरला जात नाही.

आता तीच गळती संवेदकात ठेवा. त्यावर चौरस सेंटिमीटरमागे एक नॅनोवॅट हिरवा प्रकाश पडतो आहे असे धरू. ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, दर १०० प्रकाशकणांमागे ७० इलेक्ट्रॉन मिळाले तर एका वॅटमागे सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह येतो. म्हणजे आपला संकेत ०.३ नॅनोअँपिअर आणि गळती १००० नॅनोअँपिअर. संकेताहून गळती तीन हजार पटींनी मोठी.

कोणी म्हणेल, गळती स्थिर आहे, ती मोजून वजा करा. पण ती स्थिर नसते. सेंद्रिय संवेदकात अंधारप्रवाह उष्णतेने वाढतो. त्याची उत्तेजन-ऊर्जा ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर तापमानात एका अंशाचा फरक पडला की गळती सुमारे ८ टक्क्यांनी बदलते. १००० नॅनोअँपिअरवर हा बदल ८० नॅनोअँपिअर झाला, आणि संकेत ०.३ चा. खिडकीतून एक झुळूक आली तरी सगळे मोजमाप वाहून जाईल. गळती ०.१ नॅनोअँपिअरवर आणली तर त्याच एका अंशाने होणारा बदल ०.००८ नॅनोअँपिअर, म्हणजे संकेताच्या तीन टक्क्यांच्या आत. प्रकाश टिपण्याची क्षमता इथे बदललीच नाही. रेणू तोच आहे.

याशिवाय खरखर, म्हणजे प्रवाहातला नको असलेला चढउतार, आहे. प्रवाह कणाकणाने वाहतो, म्हणून त्यात अटळ खरखर असते आणि ती प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. गळती दहा हजारपट घटवली की ही खरखर शंभरपट घटते. याउलट १०० प्रकाशकणांमागचे इलेक्ट्रॉन ५० वरून ७५ वर नेले, तर लाभ दीडपट. हे पाऊल गाठायला रसायनशास्त्रज्ञाची वर्षे जातात आणि साध्या डायोडात त्याला १०० ची कमाल मर्यादा आहेच. दीडपट आणि शंभरपट यांतले कोणते पाऊल मथळ्यात यावे?

जगातले दोन टप्पे याची पुष्टी करतात. २००९ साली 'सायन्स'मध्ये सांता बार्बरा इथल्या गटाने ३०० ते १४५० नॅनोमीटरपर्यंत पाहणारा पॉलिमर संवेदक प्रसिद्ध केला. वाहक पॉलिमरांसाठी २००० सालचे नोबेल मिळवणारे ॲलन हीगर त्या गटात होते. चर्चा झाली ती त्या रुंद पट्ट्याची. पण शोषकाच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन अडवणारा आणि दुसऱ्या बाजूला होल अडवणारा थर घातल्यानेच त्यांचा अंधारप्रवाह खाली आला होता. दुसरा टप्पा मला त्याहून बोलका वाटतो. २०२० साली त्याच नियतकालिकात जॉर्जिया टेकच्या गटाने लवचीक, मोठ्या आकाराचा सेंद्रिय फोटोडायोड दाखवला. त्याची खरखर काही दहा फेम्टोअँपिअर इतकी कमी, मंद प्रकाशात सिलिकॉनच्या फोटोडायोडशी तुलना करता येईल अशी. त्यातला प्रकाश शोषणारा पॉलिमर होता पी३एचटी, या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हाताळलेला आणि कार्यक्षमतेच्या शर्यतीतून केव्हाच बाद ठरवलेला. एका इलेक्ट्रोडवर पीईआयई या पॉलिमरचा अतिपातळ लेप आणि दुसऱ्या बाजूला मॉलिब्डेनम ऑक्साइड. रेणू जुना राहिला आणि कडा सुधारल्या, एवढ्याने हे साधले.

४. झेरॉक्सच्या ड्रमची साक्ष

हे सारे प्रयोगशाळेतले वाटत असेल तर हायकोर्टाच्या आसपास, विद्यापीठाच्या रस्त्यावर, दादर स्टेशनबाहेर, गिरगावात रात्रंदिवस चालणाऱ्या झेरॉक्स यंत्राकडे पाहावे. त्याच्या पोटातला ड्रम हा सर्वाधिक प्रमाणात विकला गेलेला सेंद्रिय प्रकाशसंवेदक आहे. आणि त्याची रचना माझ्या विधानाचा सर्वांत भक्कम आधार आहे.

१९५९ च्या पहिल्या यशस्वी यंत्रात ड्रमवर सेलेनियमचा लेप होता. १९७० मध्ये आयबीएमने सेंद्रिय प्रकाशवाहक बाजारात आणला. त्यात एकाच थराकडून प्रकाश शोषणे आणि प्रभार वाहून नेणे ही दोन्ही कामे घेतली जात. पुढे ही कामे वेगळी केली गेली आणि ड्रम खऱ्या अर्थाने टिकाऊ आणि स्वस्त झाला. आजच्या ड्रममध्ये ॲल्युमिनियमच्या नळीवर आधी अडवणारा पातळ थर, त्यावर थॅलोसायनिनसारख्या रंगद्रव्याचा प्रभार निर्माण करणारा थर आणि सर्वांत वर प्रभारवाहक थर असतो. रंगद्रव्याचा थर एक मायक्रोमीटरहूनही पातळ. वाहक थर वीस-पंचवीस मायक्रोमीटर जाड. म्हणजे आपण ज्याला नायक म्हणतो, त्याच्या वीसपटींहून जाड तो थर आहे, ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

काम असे चालते. ड्रमचा पृष्ठभाग ऋण प्रभाराने काही शे व्होल्टपर्यंत भारला जातो. लेझरचा प्रकाश जिथे पडतो तिथे खालच्या रंगद्रव्यात होल सुटतात, वाहक थरातून वर येतात आणि पृष्ठभागावरचा प्रभार मिटवतात. डिजिटल यंत्रात नेमक्या त्याच जागी टोनर चिकटतो. वाहक थरात अडकलेले होल मागे राहिले तर आधीच्या पानाची सावली पुढच्या पानावर उतरते. तळाचा अडवणारा थर कमकुवत झाला तर ॲल्युमिनियममधून होल अंधारातच वर घुसतात आणि कोऱ्या कागदावर काळे ठिपके येतात. दुरुस्ती करणारा 'बॅकग्राउंड येतंय, ड्रम गेला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रंगद्रव्य शाबूत असते. ब्लेडने घासून झिजलेला असतो तो वरचा वाहक थर, आणि ड्रमचे आयुष्य त्या झिजेवरच मोजले जाते.

या ड्रमच्या वाहक थरांसाठी जे ॲरोमॅटिक अमाइन रेणू घडवले गेले, त्याच कुळातला एक रेणू वापरून कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कमी व्होल्टेजवर चालणारा सेंद्रिय दिवा केला. आज हातातल्या मोबाइलचा ओलेड पडदा त्या वंशाचा आहे. दिव्याच्या क्षेत्रात वाहक थरांचे महत्त्व कोणाला पटवावे लागत नाही. संवेदकाच्याच बाबतीत ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, याचे मला वाईट वाटते.

५. परळला कशाची गरज आहे

परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, केईएम १९२६ पासून. दोन्हीकडे मुंबईबाहेरून येणाऱ्या रुग्णांची रीघ असते आणि प्रतिमाचित्रणावर कायम ताण असतो. डिजिटल क्ष-किरण पॅनेलमध्ये सीझियम आयोडाइडचा थर क्ष-किरणांचे हिरव्या प्रकाशात रूपांतर करतो आणि खालची अस्फटिक सिलिकॉनच्या फोटोडायोडांची जाळी तो टिपते. तिथेही डायोड तीन थरांचा असतो: मधला शोषक, आणि दोन बाजूंना निवड करणारे अतिशय पातळ थर. म्हणजे सिलिकॉनवाल्यांनी हा धडा केव्हाच गिरवला आहे. सेंद्रिय डायोड इथे आले तर पॅनेल मोठे, हलके, वाकणारे आणि कमी तापमानाला लेप देऊन बनणारे होईल. मात्र सलग चित्रण करताना प्रत्येक चित्राला किरणांची मात्रा फारच थोडी असते. डायोड गळका असेल तर खरखरीवर मात करायला मात्रा वाढवावी लागते, आणि ती रुग्णाच्या शरीरात जाते. अंधारप्रवाहाचा प्रश्न इथे थेट रुग्णापर्यंत पोचतो.

दुसरे उदाहरण ऑक्सिमीटरचे. २०२०-२१ मध्ये लालबाग-परळच्या चाळींतून बोटाला लावायचे हे यंत्र घरोघर पोचले. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेले त्याचे तत्त्व सोपे आहे: दोन रंगांचा प्रकाश बोटातून सोडायचा आणि नाडीबरोबर होणारा चढउतार मोजायचा. हा चढउतार एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्केच असतो. हात गार पडला, रक्ताभिसरण मंदावले, की तोही घटतो. बर्कलीतल्या गटाने २०१४ मध्ये पूर्णपणे सेंद्रिय ऑक्सिमीटर करून दाखवला आहे. पट्टीसारखा अंगाला चिकटणारा असा संवेदक अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला बोटावरच्या चिमट्यापेक्षा सुसह्य होईल. पण तो ३७ अंशांच्या शरीराला चिकटलेला असणार. वरच्याच ०.६ च्या हिशेबाने २५ अंशांच्या तुलनेत तिथे गळती सुमारे अडीचपट. प्रयोगशाळेतला वातानुकूलित आकडा परळच्या वॉर्डात उपयोगाचा नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप भौतिकशास्त्रज्ञांचा आहे आणि तो वजनदार आहे. इलेक्ट्रोडकडून येणारी गळती रोखली तरी शोषक थराच्या आतल्या सापळ्यांतून, म्हणजे ऊर्जापट्ट्यांमधल्या अंतराच्या मध्यावर असलेल्या अवस्थांतून, उष्णतेने कण सुटत राहतात. गेल्या काही वर्षांतल्या मोजमापांनी हे ठामपणे दाखवले आहे. मग शेवटची मर्यादा शोषकाचीच झाली ना? झाली, हे मी मान्य करतो. पण क्रम पाहा. कडेची गळती हजारपट मोठी असेल तोवर आतली गळती दिसतच नाही. शोषकातले दोष मोजण्याइतके स्वच्छ उपकरण हवे, तर आधी वाहक थरच सुधारावे लागतात. रेणूवर प्रेम असणाऱ्यानेही इथूनच सुरुवात केली पाहिजे.

दुसरा आक्षेप वेगाचा. थर वाढले की कणांची वाट लांबते. सेंद्रिय द्रव्यांत कण संथ चालतात हे खरेच. गतिशीलतेचा आकडा १०⁻⁴ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरला तर १०० नॅनोमीटर ओलांडायला एका व्होल्टवर सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो. संपर्कजाळ्याच्या प्रकाशतंतूंसाठी तो फार झाला. नाडी किंवा क्ष-किरण चित्र मोजायला तो पुरून उरतो. धोका वेगळा आहे: थर पातळ असूनही त्याची गतिशीलता शंभरपट कमी असली तर तोच अडसर होतो. म्हणून थर कमी करा हे उत्तर नाही. थर निवडून घ्या, हे उत्तर आहे.

तिसरा, सिलिकॉन आहेच की. काडेपेटीएवढ्या क्षेत्रासाठी आहे, आणि ते राहील. छातीएवढ्या वाकत्या पृष्ठभागासाठी स्फटिक सिलिकॉन परवडत नाही, एवढे म्हटले की पुरे.

चौथा आक्षेप कोणी घेत नाही, पण मुंबईकराने घ्यायला हवा: हे थर आपल्या हवेत टिकतील का? जुलैत मुंबईची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे आणि पाणी शोषते. ओलसर झाले की ते खालच्या इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक इलेक्ट्रोडला कोरते आणि सुटलेले इंडियम आत शिरते. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्राणवायू चिकटतो, अतिनील प्रकाश पडला की सुटतो आणि उपकरणाचे वागणे प्रकाशाच्या इतिहासानुसार बदलते. शिवाय अतिनील प्रकाशात हे ऑक्साइड शेजारच्या नव्या पिढीतल्या रेणूंचे विघटनही घडवते. म्हणजे संवेदक पावसाळ्यात टिकला नाही तर दोष बऱ्याचदा त्याच्या कडेच्या थरांत सापडेल. नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीत बनवून तिथेच मोजलेले आकडे याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत.

७. काय बदलायला हवे

माटुंग्याकडे रंगद्रव्यांचे नव्वद वर्षांचे ज्ञान आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र आहे; पवईत २०१० पासून सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. रुग्णालये परळमध्ये आहेत. हे सगळे एका लोकल प्रवासाच्या टप्प्यात आहे. मुंबईने नव्या शोषक रेणूच्या शर्यतीत उरस्फोड करण्याऐवजी दमट, उष्ण हवेत टिकणारे वाहक थर हा आपला विषय मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमाइन, ऑक्साइड, पॉलिमर लेप ही माटुंग्याची घरची विद्या आहे. गरज आहे ती या कामाला दुय्यम न मानण्याची.

संशोधन तपासणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की प्रकाशसंवेदकावरचा प्रबंध हाती आला तर कार्यक्षमतेच्या आलेखाआधी अंधारप्रवाहाचा आलेख मागा. तो २५ आणि ४० अशा दोन्ही तापमानांना मागा. खरखर सूत्रातून काढलेली नको, प्रत्यक्ष मोजलेली हवी, कारण फक्त अंधारप्रवाहावरून काढलेला संवेदनक्षमतेचा आकडा खऱ्यापेक्षा फुगतो. वाहक थर कोणता, किती जाड आणि ८५ टक्के आर्द्रतेत त्याचे काय झाले, हे सारांशातच लिहायला लावा. रुग्णालयांच्या खरेदी समित्यांनीही पुरवठादाराला हेच तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.